थंडी ते शिमगा: आधी माणसं, मग ठिकाणं

तुळशीकट्टा | १९ जानेवारी

नमस्कार मंडळी. काल रात्री आम्ही दोघं सोलापूरकडून परत आलो. बॅगा अजून उघडल्या नाहीत, पण मनात इतकं साठलंय की आधी इथं लिहायला बसले.

थोडं आमच्याबद्दल. मी ६७, हे ७१. मी मराठी शाळेत शिकवायचे, हे टेलिफोन खात्यात होते. पुण्यात दोघंच असतो. मुलगा-सून बंगळुरूला, लेक ठाण्याला. गुडघे दुखतात पण चालतात, यांची साखर गोळ्यांवर आटोक्यात आहे.

निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षं आम्ही सहली केल्या. बसमध्ये बसायचं, देऊळ बघायचं, जेवायचं, पुढे निघायचं. त्यात आनंद होताच, पण माणसं राहून गेली. माझ्या थोरल्या नणंदबाई, आक्का, औदुंबरला असायच्या. दर मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आठ दिवस आधी त्यांचा फोन ठरलेला. "कृष्णेचं पाणी कसं निवळलंय, बघायला या गं." कधी यांच्या तपासण्या असायच्या, कधी सोसायटीची सभा, कधी नुसतंच "थंडी फार आहे, संक्रांतीनंतर बघू." अशी चार वर्षं गेली. गेल्या आषाढात आक्का गेल्या. दिवसकार्य झाल्यावर भाच्यानं कपाटातून दोन सोलापुरी चादरी काढून माझ्या हातात दिल्या. आम्ही आलो की अंथरायला म्हणून आक्कांनी घेऊन ठेवल्या होत्या. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

परतताना गाडीत हे एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जुनी डायरी घेऊन बसले आणि दोन रकाने आखले. डावीकडे माणसं, उजवीकडे त्या माणसाच्या आसपासचं काही बघण्यासारखं. माणूस आधी ठरवायचा, ठिकाण त्याच्या मागून. मार्गशीर्ष ते फाल्गुन एवढाच मोसम धरायचा, कारण चैत्र लागला की ऊन आम्हाला सोसत नाही.

डिसेंबरात पहिली फेरी औदुंबरचीच केली. भाच्याच्या घरी राहिलो, त्याच चादरी सोबत नेऊन त्यांवर झोपलो. पहाटे घाटावर गेलो तर पाण्यावर वाफ होती आणि पलीकडचा काठ दिसतच नव्हता. पादुकांचं दर्शन घेतलं. त्याबद्दल एवढंच.

आता संक्रांतीची फेरी. मोहोळजवळ यांचे थोरले भाऊ असतात. दादा ७९, जाऊबाई ७५. भोगीला जाऊबाईंनी तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या. भाजीत ओला हरभरा, वांगी, गाजर, घेवडा, बोरं, सगळं रानातलं. दुसऱ्या दिवशी सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते उंच नंदीध्वज तोलत नेतात ते मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. सात नंदीध्वज, आणि प्रत्येकाचा तोल माणसाच्या कमरेवर. गर्दीत दादांना धरून एका दुकानाच्या पायरीवर बसवलं, तिथून त्यांना सगळं दिसलं.

पण मला सांगायचंय ते हुरड्याबद्दल. आता शहरातून पैसे भरून हुरडा पार्टीला जातात, मीही गेलेय. दादांच्या शेतात बांधाजवळ आगटी होती, खड्ड्यात गोवऱ्यांचा निखारा. पुतण्या गूळभेंडीची कणसं आणून निखाऱ्यात खुपसत होता. भाजलेलं कणीस चोळायचा मान दादांचा. आयुष्यभर त्यांनीच चोळून दिलंय. पण आता त्यांचे हात थरथरतात. कणीस धरलं, दोन्ही तळव्यांत फिरवायला गेले आणि दाणे मातीत सांडले. दुसऱ्यांदाही तेच झालं. कुणी काही बोललं नाही. मग हे उठले, दादांच्या मागे जाऊन बसले आणि त्यांच्या हातांवर बाहेरून आपले हात ठेवले. चार हातांनी ते कणीस चोळलं गेलं. दादांनी फुंकर मारून फोलकटं उडवली आणि हिरवेगार दाणे माझ्या तळहातावर ओतले. चटके बसत होते, तरी मी हात हलवला नाही. शेंगाचटणी, दही, गूळ सगळं होतं. मी तो पहिला घास नुसताच खाल्ला.

येताना भिगवणला उतरून कुंभारगावात एक रात्र राहिलो. पहाटे होडीतून रोहित पक्षी पाहिले. उथळ पाण्यात पाय नाचवत चिखल ढवळायचा आणि डोकं उलटं करून चोच बुडवायची, असं त्यांचं खाणं. अख्खा थवा उडाला तेव्हा पंखांखालचा लालकाळा रंग उघडा पडला, आणि हे चक्क टाळ्या वाजवायला लागले.

पुढच्या यादीत जानेवारीअखेर कोल्हापूर (माझी मावशी, आणि अंबाबाईचा किरणोत्सव) आणि मार्चमध्ये वेळास (यांचे खात्यातले जुने सहकारी, आणि कासवं). तुम्ही ज्येष्ठ मंडळी, किंवा ज्यांचे आईवडील ज्येष्ठ आहेत ते, थंडीत कुठे जाता, कुणाकडे जाता? सविस्तर लिहा.

घाटमाथा | १९ जानेवारी

काकू, हुरड्याचा परिच्छेद दोनदा वाचला.

भिगवणबद्दल थोडी भर घालतो, दर वर्षी जातो. उजनी धरण काठोकाठ भरलेलं असलं की रोहित उशिरा येतात, कारण त्यांना उथळ पाणी आणि उघडा चिखल लागतो. पाणी ओसरेल तसे ते वाढतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चही चांगला. सोबत चित्रबलाक, चक्रवाक आणि नशीब असेल तर पट्टकादंब दिसतात. हे पट्टकादंब हिमालय ओलांडून आलेले असतात. ज्येष्ठांनी होडीत चढताना नावाड्याचा खांदा धरावा, हात नव्हे. हात निसटतो. आणि नावाड्याला आधीच सांगावं की पक्ष्यांच्या फार जवळ नेऊ नकोस. फोटोसाठी थवा मुद्दाम उडवणारे पाहिलेत, फार वाईट वाटतं. दर वेळी उडण्यात त्यांची ताकद जाते.

पेन्शनर_पाटी | २० जानेवारी

उत्तम धागा. प्रवासखर्चाचं लिहितो, अनेकांना नीट माहिती नसते. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ च्या वर राज्यात मोफत, २०२२ पासून. बायकांना २०२३ पासून वयाची अट न ठेवता अर्धं तिकीट. आधार कार्ड जवळ ठेवा. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती बंदच आहे. मात्र खालच्या बर्थचा कोटा आहे, पुरुषांना ६० पासून, बायकांना ४५ पासून. तिकीट काढताना तो निवडावा लागतो. मी हे दर धाग्यावर सांगतो, कारण वरच्या बर्थवर चढताना माझ्या साडूंचा खांदा निखळलाय.

स्पष्टच_सांगते | २० जानेवारी

काकू, तुमचं लिखाण मनापासून आवडलं, पण एक बाजू राहिली असं वाटतं म्हणून लिहितेय. राग मानू नका.

मी त्या घरातली सून आहे जिथं सगळे येतात. आमचं गाव देवस्थानाचं. डिसेंबर ते होळी दर आठवड्याला कुणीतरी मुक्कामी असतं. सासूबाईंना माणसांची आवड आहे, पण त्यांना आता उभं राहवत नाही. म्हणजे भाकऱ्या मी थापायच्या, अंथरुणं मी घालायची, आणि सकाळी शाळेत मुलांचे डबे देऊन नोकरीवरही मीच जायचं. येणाऱ्याला वाटतं आपण म्हाताऱ्या माणसाला भेटायला आलो, केवढं चांगलं केलं. दोन वर्षांपूर्वी एक जोडपं न कळवता आलं आणि नऊ दिवस राहिलं. शेवटच्या दिवशी मी न्हाणीघरात दार लावून रडले. कुणाला कळलंही नाही.

भेटी व्हाव्यात. पण ज्यांच्या जिवावर त्या होतात त्यांचंही डायरीत नाव असावं.

तुळशीकट्टा | २० जानेवारी

बाळा, राग कशाचा. तू लिहिलंस ते वाचून मी जरा वेळ उठून गच्चीत जाऊन आले. मी स्वतः पंचवीस वर्षं तशीच सून होते.

आम्ही काय करतो ते सांगते, पुरेसं आहे का तूच सांग. पंधरा दिवस आधी फोन, आणि तो सुनेला, मग घरच्या वडीलधाऱ्यांना. "जमेल का" असं विचारायचं, "येतोय" असं सांगायचं नाही. दोन रात्री, तिसरी नाही. चादरी आणि टॉवेल आमचे. औषधांचा डबा, यांचं साखर तपासायचं यंत्र, सगळं बरोबर. एका वेळचा स्वयंपाक माझ्याकडे, आणि त्या वेळात सुनेनं स्वयंपाकघरात यायचं नाही. मोहोळला पुतणसून आधी संकोचली. मग आत जाऊन झोपली ती तीन तास. उठली तेव्हा तिचा चेहरा निराळाच होता. निघताना म्हणाली, काकू, होळीला पण या.

आणि तुझं बरोबर आहे. यांना सांगितलं, डायरीत तिसरा रकाना आखा. त्यात त्या घरातली करणारी बाई. तिच्यासाठी काय न्यायचं ते तिथं लिहायचं.

चुलीवरची_भाकरी | २१ जानेवारी

स्पष्टच_सांगते यांना पूर्ण अनुमोदन, आणि एक चांगली आठवण. माझ्या चुलत सासूबाई दर माघात आमच्याकडे यायच्या. आल्या की हातपाय धुऊन पहिला प्रश्न, "मटार आणलेत का?" दहा किलो मटार उन्हात बसून सोलायच्या, पिशव्या भरून फ्रीजरमध्ये ठेवायच्या, आणि सोलता सोलता माझं सगळं ऐकून घ्यायच्या. सल्ला कधीच दिला नाही. त्या जाऊन सहा वर्षं झाली. मी अजून मटार सोलायला बसले की समोर एक पाट रिकामा ठेवते.

सातासमुद्रापार | २१ जानेवारी

मी न्यू जर्सीत असते. आईबाबा नागपूरला, दोघंही सत्तरीपुढचे. आमच्या शाळांना सुट्टी डिसेंबरअखेर, म्हणून आम्ही तेव्हाच येतो. धागा वाचून लक्षात आलं की त्यांचा हिंडायचा सगळ्यात चांगला महिना आम्ही घरात बसवून खातो. ते आमच्यासाठी थांबतात. आई महिनाभर आधीपासून लाडू करते, बाबा वायफायवाल्याला बोलावतात, आणि आम्ही आलो की झोपेचं गणित जमेपर्यंत आठवडा जातो. मग मॉल, बँक, दंतवैद्य. गेल्या वर्षी बाबा म्हणाले होते, "नवेगावला सारस पाहून येऊ का?" मी म्हटलं, पुढच्या वेळी. आता तो शब्द टोचतोय.

संत्रीवाली | २१ जानेवारी

सातासमुद्रापार, मी नागपूरचीच. तुझ्या बाबांचं म्हणणं खरं आहे. सारस आपल्या राज्यात मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच राहिलेत, तेही मोजके. धानाच्या बांध्यांत जोडीनं फिरतात. पहाटे निघायला लागतं, स्वेटर-मफलर सगळं घालून.

आमच्या इकडची थंडी म्हणजे शेतातली रोडग्याची पार्टी. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडून तूप ओतायचं, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. तुरीच्या शेंगा मीठ टाकून उकडायच्या. संत्र्याचा आंबिया बहार डिसेंबरपर्यंत संपतो, पण मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि तो जास्त गोड, असं माझं ठाम मत आहे. तेव्हाच पळस फुलतो. पानं सगळी गळालेली आणि झाड नुसतं पेटलेलं. होळीला आम्ही अजूनही ती फुलं रात्रभर पाण्यात भिजवून रंग करतो.

मी आणि आमचे हे दर वर्षी त्या आठवड्यात माझ्या माहेरी काटोलला जातो. आईवडील नाहीत, भाऊ-वहिनी आहेत. वहिनीनं कधी जाणवू दिलं नाही. बाई, एक सांगू का? आईबाबांना म्हणावं, आमच्यासाठी थांबू नका. तू येशील तेव्हा त्यांच्या मागून तू हिंड.

पूर्वीचा_सातारकर | २३ जानेवारी

बरेच दिवस फक्त वाचत होतो. आज लिहितोय.

आम्हीही असंच ठरवलं होतं. मी बँकेतून निवृत्त झालो तेव्हा हिनं एकच मागितलं होतं, किरणोत्सव. तिचं माहेर कोल्हापूर. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून तिनं पाहिला होता. सूर्य मावळताना किरण महाद्वारातून आत येतात, आधी पाय, मग छाती, मग चेहरा, असं ती हातानं दाखवून सांगायची. गेलो नाही. घराची डागडुजी, मग करोना, मग तिचं आजारपण. दोन वर्षं झाली तिला जाऊन.

कोल्हापूरला तिची धाकटी बहीण आहे. तेराव्यानंतर मी तिला फोन केलेला नाही. काय बोलायचं कळत नाही. ती बोलली की आवाज हिचाच येतो.

तुळशीकट्टा ताई, तुम्ही जाणारच आहात. एकट्या माणसानं अशा वेळी जावं का? गर्दीत, आणि तिच्याशिवाय?

तुळशीकट्टा | २३ जानेवारी

दादा, जा. किरणोत्सव वर्षातून दोनदा असतो, नोव्हेंबरच्या ९, १०, ११ ला आणि आता ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. आठ दिवस आहेत. आम्ही मावशीकडे असू, दुपारी चारलाच देवळात जाणार आहोत. एकटं वाटलं तर आमच्याजवळ येऊन बसा. यांच्या डोक्यावर तपकिरी माकडटोपी असेल.

पण आधी मेव्हणीला फोन करा. बोलायचं सुचलं नाही तर तारखा विचारा. तिला पाठ असतील.

माडाखालून | २४ जानेवारी

वेळासबद्दल विचारलंय म्हणून लिहितो, मी मंडणगड तालुक्यातलाच. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हाप्रळ, मंडणगड असा रस्ता. ताम्हिणीत वळणं फार, गोळी घेऊन बसा.

ऑलिव्ह रिडले मादी रात्री येऊन वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. पूर्वी ती अंडी लोक न्यायचे, कुत्री-कोल्हे उकरायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये गावकऱ्यांना घेऊन संवर्धन सुरू केलं. आता अंडी कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात, आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. नेमका दिवस कुणीच सांगू शकत नाही. म्हणून घरमालकाला फोन करून "घरटी कितवर आलीत" हे विचारून निघा आणि दोन रात्रींची सवड ठेवा. गावात घराघरांतच राहायची सोय आहे. किनाऱ्यावर पोचायला थोडं चालावं लागतं, काठी आणा. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव, त्यांनी जीर्णोद्धार केलेलं देऊळही बघा.

तुळशीकट्टा | ८ मार्च

वेळासहून परवा आलो. ठाण्याची नात बरोबर होती, नऊ वर्षांची.

यांचे सहकारी खात्यात लाईनमन होते. निवृत्तीच्या समारंभानंतर भेट नव्हती. आता एका कानानं ऐकू येत नाही, म्हणून हे त्यांच्या उजव्या बाजूला बसून मोठ्यानं बोलत होते. दोघांनी मिळून जुन्या एक्स्चेंजचे नंबर आठवायला सुरुवात केली. तीन आकडी नंबर, डॉक्टरांचा कुठला, मामलेदार कचेरीचा कुठला, वखारीचा कुठला. त्या गृहस्थांना सगळे पाठ. वादळात तार तुटली की रात्री कंदील घेऊन खांबावर चढायचे, ते नातीनं तोंडाचा आ करून ऐकलं. वहिनींसाठी तिसऱ्या रकान्यात मी पुण्याची गव्हाची सोजी आणि घोट्याला लावायची क्रेप पट्टी लिहिली होती. पट्टी लगेच बांधून घेतली त्यांनी.

पहिल्या सकाळी घरट्यावर झाकलेल्या टोपलीखाली काहीच नव्हतं. नात हिरमुसली. संध्याकाळी टोपली उचलली तर वाळू हलत होती. एक काळा ठिपका, मग चिमुकलं वल्हं, मग डोळ्यांवर वाळू चिकटलेलं डोकं. सात पिल्लं. दोरीच्या अलीकडे आम्ही सगळे, पलीकडे ती. लाट आली की मागे ढकलली जायची आणि परत निघायची. सहा गेली. सातवं उलटं पडलं. कार्यकर्त्यानं सरळ केलं, पण ते थांबूनच राहिलं. नातीनं यांचा हात इतका घट्ट धरला होता की अंगठीचे वळ उठले. मग एक मोठी लाट आली आणि परतली, तेव्हा वाळू रिकामी होती.

येताना एका गावात शिमग्याची पालखी आडवी आली. गाडी थांबवून उतरलो, ओटी भरली.

सातारकर दादा, कोल्हापुरात तुम्ही दिसला नाहीत. विचारू की नको असं झालं होतं, आज विचारते.

स्पष्टच_सांगते | ९ मार्च

काकू, तिसरा रकाना खरंच आखलात.

पूर्वीचा_सातारकर | १० मार्च

उशिरा लिहितोय, माफ करा. गेलो होतो. तुमचे तपकिरी टोपीवाले लांबून दिसले, पण मेव्हणी बरोबर होती आणि आम्ही दोघंही बोलण्याच्या स्थितीत नव्हतो.

फोन मी केला. तारखाच विचारल्या, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. ती म्हणाली, "भाऊजी, तारखा विचारायला दोन वर्षं लागली का?" आणि मग आम्ही दोघं बराच वेळ नुसते फोन धरून होतो.

तीनही दिवस तिच्याकडेच राहिलो. पहिल्या दिवशी किरण पायांपर्यंत आले. दुसऱ्या दिवशी कमरेच्या वर चढले. मेव्हणी माझ्या शेजारी उभी राहून हातानं दाखवत होती, अगदी त्याच पद्धतीनं, आधी पाय, मग छाती. तिसऱ्या दिवशी पश्चिमेला ढग आले. चेहऱ्यापर्यंत काही पोचले नाहीत. लोक हळहळत बाहेर पडले. आम्ही गरुड मंडपात बसून राहिलो.

घरी आल्यावर तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोव्हेंबरचं पान उलगडलं आणि ९, १०, ११ वर माझं नाव लिहिलं.

तुळशीकट्टा | १० मार्च

दादा, आम्हीही येतो. मावशीला आजच विचारते.